आंतरराष्ट्रीय व्यापार शिकायचाय? पहिल्याच वर्षी एक माल निवडा

इंटरनॅशनल बिझनेस म्हटलं की सूट, विमानतळ आणि दुबईतल्या काचेच्या इमारती डोळ्यांपुढे येतात. प्रवेशाच्या माहितीपत्रकांवरही तेच फोटो असतात. प्रत्यक्षात हा धंदा कागदांवर चालतो, आणि ते कागद तपासायचं काम मी बँकेच्या ट्रेड फायनान्स विभागात करतो. आमच्याकडे नव्याने रुजू होणाऱ्या मुलामुलींना रिकार्डोचा सिद्धांत येत असतो, जागतिक व्यापार संघटना १९९५ साली स्थापन झाली हेही पाठ असतं. पण समोर बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल मिळाल्याची जहाज कंपनीची पावती, ठेवून विचारलं, की बाई गं, आत्ता या मालावर हक्क कोणाचा, तर शांतता. यात हुशारीची कमतरता नसते. अर्थशास्त्र, लॉजिस्टिक्स, फॉरेक्स, कायदा हे सगळे विषय वेगवेगळ्या वर्गांत शिकवले जातात, आणि ते सगळे एकाच कंटेनरबद्दल बोलतायत हे त्यांना कुणी दाखवलेलं नसतं.

म्हणून खाली जे सांगतोय त्याचा गाभा एवढाच: आपल्या भागातला एक माल निवडा आणि पदवी होईपर्यंत प्रत्येक विषय त्या मालाला लावून बघा.

पायरी १: प्रवेश घेताना

बारावीनंतर रस्ते बरेच आहेत. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या कॉलेजांत बीबीए इंटरनॅशनल बिझनेस आहे. मुंबई विद्यापीठात बीएमएस, तसंच अकाउंटिंग अँड फायनान्स किंवा फायनान्शियल मार्केट्समधलं बी.कॉम. आहे. आणि साधं बी.कॉम. कुठेही मिळतं. २०२४ पासून बीबीए, बीएमएस, बीसीए हे अभ्यासक्रम तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईच्या कक्षेत आले, त्यामुळे राज्यात त्यांच्या प्रवेशासाठी सीईटी द्यावी लागते. काही कॉलेजांनी तोच अभ्यासक्रम बी.कॉम. ऑनर्ससारख्या नावाने सुरू ठेवला आहे. फॉर्म भरण्याआधी पदवीचं नेमकं नाव विचारून घ्या.

नावापेक्षा अभ्यासक्रमाची यादी महत्त्वाची. त्यात आयात-निर्यातीची कागदपत्रं, परकीय चलन, आंतरराष्ट्रीय अर्थशास्त्र आणि सांख्यिकी हे चारही पेपर आहेत का बघा. चारांतले दोनच असतील आणि उरलेली जागा "पर्सनॅलिटी डेव्हलपमेंट"ने भरली असेल, तर मी जवळच्या चांगल्या कॉलेजातलं साधं बी.कॉम. घेईन आणि बाकीचं बाहेरून शिकेन. कॉस्टिंग पक्कं असलेला बी.कॉम.वाला या क्षेत्रात मागे पडताना मी पाहिलेला नाही.

फीबाबत लाजू नका. महाडीबीटीवरची राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आपल्या अभ्यासक्रमाला लागू आहे का, हे प्रवेशाच्या आधी कॉलेजच्या कार्यालयात विचारा. नंतर विचारलं की उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसीलला धावपळ होते.

पायरी २: माल निवडा

सोलापूरचे टॉवेल, जळगावची केळी, नाशिकची द्राक्षं, नागपूरची संत्री, तासगावचा बेदाणा, चाकणचे वाहनांचे सुटे भाग, गोव्याची औषधं. घराजवळचा माल घ्या, म्हणजे प्रश्न विचारायला माणसं सापडतात. पुढे उदाहरणासाठी मी सांगलीची हळद घेतो. कारण एक हळकुंड हातात धरलं तर निम्मा अभ्यासक्रम त्यात सापडतो.

पेटंटचंच बघा. १९९५ साली अमेरिकेत जखम बरी करण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट दिलं गेलं. रघुनाथ माशेलकर तेव्हा सीएसआयआर या सरकारी वैज्ञानिक संशोधन संस्थेचे महासंचालक होते. संस्थेने जुन्या ग्रंथांचे पुरावे देऊन आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते पेटंट रद्द झालं. बौद्धिक संपदेच्या पेपरात हे प्रकरण येतंच. वायदे बाजाराच्या पेपरात एनसीडीईएक्स या शेतमालाच्या एक्स्चेंजवरचा हळदीचा वायदा येतो. भौगोलिक मानांकन शिकवतील तेव्हा सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये मिळालेलं मानांकन आहेच. गोदामव्यवस्था शिकताना हरिपूरची पेवं बघून या, जमिनीखाली हळद साठवण्याची ती जुनी सोय आहे.

पायरी ३: मालाचा कोड शोधा

जगातल्या प्रत्येक मालाला एचएस कोड असतो. पहिले सहा अंक जागतिक सीमाशुल्क संघटनेचे, म्हणून ते सगळीकडे सारखेच. भारतात पुढे दोन जोडून आठ करतात. हळदीचे पहिले सहा ०९१० ३०. नववं प्रकरण कॉफी, चहा आणि मसाल्यांचं. वाळलेली हळद आणि हळद पूड यांचे शेवटचे अंक वेगळे, आणि हळदीपासून काढलेलं ओलिओरेझिन तर थेट ३३ व्या प्रकरणात जातं. प्रकरण बदललं की समोरच्या देशातली आयात ड्युटी बदलते, परतावा बदलतो, कधीकधी परवानगी लागते.

कोड हातात आला की इंटरनॅशनल ट्रेड सेंटरच्या ट्रेड मॅप या साइटवर तो टाका. भारतीय वापरकर्त्यांना ती मोफत नोंदणी करून बघता येते. वाणिज्य मंत्रालयाची आकडेवारीही खुली आहे. हळद कोण घेतं? बांगलादेश, संयुक्त अरब अमिराती, अमेरिका, मोरोक्को अशी नावं दिसतील. आता एक गंमत करा. भारताने एखाद्या देशाला केलेली निर्यात आणि त्याच देशाने भारतातून केलेली आयात हे दोन आकडे शेजारी ठेवा. ते जुळणार नाहीत. निर्यात सहसा एफओबी किमतीने मोजतात आणि आयात सीआयएफने, म्हणजे एकात भाडं आणि विमा नाही, दुसऱ्यात आहे. डिसेंबरात निघालेला माल जानेवारीत पोचतो. दुबईला गेलेला माल तिथून तिसऱ्याच देशात जातो. हा फरक स्वतः शोधून काढणारा विद्यार्थी प्रोजेक्टला कुठून तरी कॉपी-पेस्ट करणार नाही, त्याला तशी गरजच पडणार नाही.

पायरी ४: जबाबदारी कुठे संपते ते शिका

सौद्यात खर्च आणि जोखीम कुठपर्यंत कोणाची, हे सांगणाऱ्या ठरावीक संज्ञा म्हणजे इन्कोटर्म्स. इन्कोटर्म्स २०२० मध्ये ११ संज्ञा आहेत. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने त्या ठरवल्या. परीक्षेसाठी सगळ्या वाचा, पण एफसीए, एफओबी आणि सीआयएफ या तीन मुळातून समजून घ्या.

सीआयएफवर विकलं म्हणजे, समजा, बांगलादेशातल्या चितगाव बंदरापर्यंतचं जहाजभाडं आणि विमा विकणाऱ्याचा. म्हणून बहुतेक मुलं लिहितात की चितगावपर्यंतची जोखीमही त्याचीच. चूक. न्हावा शेवाला माल जहाजावर चढला की जोखीम खरेदीदाराकडे गेली. पैसे एकाने भरायचे आणि जोखीम दुसऱ्याने घ्यायची, हे डोक्यात बसायला वेळ लागतो. तोंडी परीक्षेत हाच प्रश्न येतो, नोकरीच्या मुलाखतीतही.

एफओबीचीही एक खोच आहे. कंटेनर आपण जहाजावर चढवत नाही, तो आधी कंटेनर फ्रेट स्टेशनला किंवा टर्मिनलच्या यार्डात सोपवतो. यार्डात काही झालं तर एफओबीत अजून जोखीम आपलीच असते. एफसीएत मात्र ठरलेल्या जागी वाहतूकदाराच्या ताब्यात दिल्याबरोबर ती संपते. म्हणूनच कंटेनरच्या मालाला एफसीए वापरा असं चेंबर सांगतं. बाजारात अजूनही सगळे एफओबीच म्हणतात. सवय.

पायरी ५: कागद हातात घ्या

इथे थोडं रेंगाळूया.

समजा सांगलीच्या व्यापाऱ्याला बांगलादेशातून २५ टन हळदीची ऑर्डर आली. दोघांची ओळख नाही. आधी पैसे पाठवायला तो घाबरतो, आधी माल पाठवायला हा घाबरतो. मग खरेदीदार आपल्या बँकेकडून लेटर ऑफ क्रेडिट उघडतो, बाजारात तिला एलसीच म्हणतात. बँक लिहून देते की ठरलेले कागद ठरलेल्या मुदतीत आणा, पैसे मी देईन. हा संदेश स्विफ्ट या बँकांच्या संदेशयंत्रणेवरून एमटी ७०० या नमुन्यात येतो. त्याचा नमुना इंटरनेटवर सहज मिळतो. तो छापून घ्या आणि एकेक रकाना पेन्सिलने खूण करत वाचा.

एलसी यूसीपी ६०० या नियमांवर चालते. २००७ पासून लागू असलेली ही ३९ कलमं आहेत. त्यातलं पाचवं भिंतीवर लावण्यासारखं: बँकेचा संबंध कागदांशी, मालाशी नाही. हळद अस्सल राजापुरी असेल, पण कागद चुकला तर बँक पैसे द्यायला बांधील नाही.

एलसीत वर्णन आहे "टर्मरिक फिंगर, राजापुरी, पॉलिश्ड". व्यापाऱ्याच्या कारकुनाने इन्व्हॉइसवर नुसतं "टर्मरिक फिंगर" लिहिलं. ही विसंगती, कारण इन्व्हॉइसवरचं वर्णन एलसीशी जुळायलाच हवं. बिल ऑफ लेडिंगवर मात्र तेच दोन शब्द असतील तर चालतं. तिथे ढोबळ वर्णन चालतं, फक्त ते एलसीच्या विरोधात जायला नको. वजन भरलं २४.६ टन. घाबरायचं कारण नाही. एलसीत पोत्यांची संख्या बांधून दिलेली नसेल, तर पाच टक्के कमीजास्त चालतं, फक्त एकूण रकमेच्या वर जायचं नाही. माल चढवायची शेवटची तारीख १५ मार्च आणि "ऑन बोर्ड" शिक्का १६ मार्चचा? इथे मात्र सुटका नाही.

माल चढल्यापासून २१ दिवसांत, आणि एलसी संपायच्या आत, कागद बँकेत यायला हवेत. तपासायला बँकेकडे जास्तीत जास्त पाच कामाचे दिवस. विसंगती निघाली तर बँक सहसा खरेदीदाराला विचारते, चालेल का? मधल्या काळात हळदीचा भाव पडला असेल तर तो म्हणणार, चालेल, पण किमतीत थोडं बघा. मराठी माणसाला घासाघीस शिकवायला नको, पण माल परक्या बंदरात उभा असताना घासाघीस करायची वेळ येऊ नये म्हणून कागद शिकायचे.

बिल ऑफ लेडिंगच्या सहसा तीन मूळ प्रती निघतात. "टू ऑर्डर" असेल तर पाठीमागे सही करून हक्क दुसऱ्याला देता येतो. ज्याच्या हातात योग्य सहीची मूळ प्रत, त्याला बंदरात माल मिळतो. सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर तिथेच, कागदाच्या पाठीवर असतं.

आता भारताच्या बाजूचे कागद. शिपिंग बिल, म्हणजे निर्यातीचं घोषणापत्र, सीमाशुल्क विभागाच्या आइसगेट या पोर्टलवर भरतात, तपासणीनंतर "लेट एक्स्पोर्ट ऑर्डर" मिळते. मसाल्याच्या निर्यातीसाठी कोचीच्या स्पाइसेस बोर्डाकडे नोंदणी लागते, द्राक्ष-केळीसाठी अपेडा या शेतमाल निर्यातीच्या सरकारी संस्थेकडे. जीएसटी न भरता निर्यात करायची असेल तर एलयूटी हे हमीपत्र द्यावं लागतं. हे सगळं पाठ करू नका. कोणता कागद कोणत्या प्रश्नाचं उत्तर देतो, एवढं वहीच्या एका पानावर लिहून ठेवा.

आणि एलसी आली म्हणजे निश्चिंती, असंही नाही. २०२२-२३ मध्ये बांगलादेशात डॉलरची टंचाई होती, तिथल्या बँका एलसी उघडायला कचरत होत्या. अशा वेळी आपल्या ओळखीच्या बँकेने हमी जोडलेली "कन्फर्म्ड" एलसी मागतात, किंवा १९५७ पासून काम करणाऱ्या ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात विमा घेतात. कंट्री रिस्कच्या धड्याखाली एवढी ओळ लिहून ठेवा.

पायरी ६: रुपयाचा हिशोब

ही पायरी आकड्यांनीच समजते. २५ टन, टनाला १,६०० डॉलर, म्हणजे ४०,००० डॉलर. सौदा ठरला तेव्हा डॉलर ८८ रुपये होता असं धरा. रक्कम झाली ३५,२०,०००. तीन टक्के नफा धरला तर १,०५,६००. पैसे तीन महिन्यांनी आले आणि तोवर डॉलर ८६.५० झाला. ६०,००० रुपये गेले, म्हणजे निम्म्याहून जास्त नफा. हळद चांगली, कागद चोख, ग्राहक प्रामाणिक, तरीही.

यावर उपाय म्हणजे बँकेशी आजच भाव बांधून घेणं, फॉरवर्ड करार. भारतातले व्याजदर अमेरिकेपेक्षा जास्त राहत आले असल्याने डॉलरचा फॉरवर्ड भाव सहसा हजर भावाच्या वर असतो, म्हणजे निर्यातदाराला थोडा प्रीमियमही मिळतो. इंटरेस्ट रेट पॅरिटीचं जे सूत्र फळ्यावर कोरडं वाटतं ते हेच. आणखी एक: मोबाइलवर दिसणारा दर बँक देत नाही. बँक ज्या भावाने आपले डॉलर घेते तो टीटी बाइंग रेट वेगळा. आपल्या बँकेचं त्या दिवसाचं दरपत्रक मागा आणि खरेदी-विक्रीतला फरक किती ते बघा.

पायरी ७: सरकारच्या अधिसूचना वाचायची सवय

यासाठी हळदीऐवजी लासलगावचा कांदा घेऊ, कारण धोरणाचा असा फटका दुसऱ्या कुठल्या मालाने क्वचित खाल्ला असेल. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लागलं. ऑक्टोबरअखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आलं. ८ डिसेंबरला सरळ बंदी. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क राहिलं. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं, शुल्क २० टक्क्यांवर आलं, आणि १ एप्रिल २०२५ पासून तेही गेलं.

यातलं शिकण्यासारखं असं की बंदी आणि किमान मूल्य वाणिज्य मंत्रालयाखालचं विदेश व्यापार महासंचालनालय, म्हणजे डीजीएफटी, जाहीर करतं, तर शुल्क अर्थ मंत्रालय. दोन मंत्रालयं, दोन वेगळ्या साइट. बातमी वाचून थांबू नका, मूळ अधिसूचना उघडा. "हा आदेश निघण्याआधी ज्यांचं शिपिंग बिल भरलंय त्यांना सूट" अशा अर्थाचं कलम खाली कुठेतरी असतं. व्यापाऱ्याचं नशीब त्या कलमात असतं आणि वर्तमानपत्रात ते येत नाही.

अडथळा समोरच्या देशातूनही येतो. २०१० मध्ये नाशिकच्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट या रसायनाचा अंश सापडल्याने युरोपात माल नाकारला गेला. २०१४ मध्ये युरोपीय संघाने आपल्या आंब्यावर फळमाशीमुळे बंदी घातली, पुढच्या वर्षी उठवली. त्या बंदीने कोकणात हापूसवाल्यांची जी झोप उडाली ती एसपीएस करार, म्हणजे अन्नसुरक्षा आणि कीड-रोगांबाबतचा जागतिक व्यापार संघटनेचा करार, शिकताना आठवा.

पायरी ८: भाषा आणि एक्सेल

एक्सेल यायलाच हवं, त्यावर चर्चा नको. परकीय भाषा एकच, पण कामापुरती पक्की. पुण्यात असाल तर विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात आहे. अर्धवट जर्मन, अर्धवट जपानी आणि अर्धवट फ्रेंच यांची बेरीज शून्य होते.

पायरी ९: सुट्टीत कुठे जायचं

मोठ्या कंपनीच्या नावामागे लागू नका. तिथे इंटर्नला पीपीटी करायला बसवतात. नवी मुंबईत, वाशी-बेलापूर-पनवेल-उरण पट्ट्यात, कस्टम ब्रोकरांची आणि फ्रेट फॉरवर्डरांची छोटी कार्यालयं आहेत. बाजारात कस्टम ब्रोकरला अजून "सीएचए" असंच म्हणतात. तिथे पहिल्या आठवड्यापासून खरे शिपिंग बिल हातात पडतात. पगार नगण्य असेल, कदाचित फक्त गाडीभाडं. उन्हाळ्याची एक सुट्टी तिथे काढा. सीमाशुल्क कार्यालयात काम करणाऱ्यांची कार्डं असतात: एच कार्डवाला मदतनीस, जी कार्डवाला परीक्षा देऊन पुढे गेलेला. जी कार्डवाल्या काकांशी दोस्ती करा. पुस्तकात नसलेलं सगळं त्यांना ठाऊक असतं, आणि चहाच्या टपरीवर ते सांगतातही.

गावाकडे असाल तर बाजार समितीत सकाळी हळदीच्या सौद्याला उभं राहा. भाव कसा फुटतो ते बघा आणि संध्याकाळी वायद्याचा भाव त्याच्याशी ताडून पाहा.

पायरी १०: पदवीनंतर

इंटरनॅशनल बिझनेसमधल्या एमबीएसाठी १९६३ मध्ये स्थापन झालेलं आयआयएफटी, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ फॉरेन ट्रेड, पहिलं नाव, प्रवेश आता कॅट या परीक्षेच्या गुणांवर. पुण्यात सिम्बायोसिसचं एसआयआयबी आहे, त्यासाठी स्नॅप ही प्रवेश परीक्षा. आकडेमोड आणि धोरण आवडत असेल तर पुण्याच्याच गोखले इन्स्टिट्यूटमधलं अर्थशास्त्राचं एमए मला एमबीएइतकंच वजनदार वाटतं. लगेच नोकरी हवी असेल तर बँकांची ट्रेड ऑपरेशन्स केंद्रं मुंबई-पुण्यात आहेत. दोनेक वर्षं एलसी तपासल्यावर सीडीसीएस ही एलसीच्या कामातल्या तज्ज्ञांसाठीची परीक्षा द्या. तिला जगभर किंमत आहे, आणि अनुभव असताना ती देणं सोपं जातं.

शेवटी, फसवणुकीबद्दल

"पंधरा दिवसांत एक्स्पोर्टर व्हा" अशा सेमिनारांना हजारो रुपये भरू नका. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, डीजीएफटीच्या साइटवर ५०० रुपयांत घरबसल्या निघतो. त्याचा क्रमांक म्हणजे तुमचाच पॅन.

तो तुमचाच पॅन असल्यामुळे सांभाळायलाही हवा. कॉलेजच्या मुलांना कुणीतरी ओळखीतला गाठतो आणि म्हणतो, तुझ्या नावाने आयईसी काढू, माल माझा, दर कंटेनरमागे तुला काही मिळेल. सरळ नाही म्हणा. शिपिंग बिल तुमच्या नावावर चढतं, आणि परदेशातून पैसे आले नाहीत तर ती थकबाकी तुमच्या नावावर दिसते. मालात काही भलतं निघालं तर सीमाशुल्क विभागाची नोटीसही तुमच्याच घरी येते. आधीच कुणाला असा कोड काढून दिला असेल तर डीजीएफटीच्या साइटवर लॉगिन करून तो आजच बघा, त्यावर कोणती बँक आणि कोणता पत्ता जोडलाय ते तपासा. वापर नसेल तर तिथूनच तो परत करता येतो. स्वतःच्या धंद्यासाठी ठेवायचा असेल तर दरवर्षी एप्रिल ते जून या काळात त्यातली माहिती अद्ययावत करावी लागते, बदल काही नसला तरीही.